चौघांचे चेहरे आणि एक बाळ

मित्रांनो, जोतिबाच्या डोंगरामागे एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला जुना राउटर म्हणजे मी. टाळेबंदीच्या वर्षी मला इथे आणलं. डॉक्टर कोल्हापुरात, रुग्ण डोंगरावर आणि मध्ये मी. तेव्हा नर्स शिवगंगाताई मला रोज पुसायच्या. पुढे सगळे विसरले. माझ्या पाठीमागे पालीने अंडी घातली.

गेल्या श्रावणात, भर दुपारी, सयाजी आणि वर्षाराणी आपलं पाच महिन्यांचं बाळ घेऊन धावत आले. बाळाला धाप लागली होती. रुग्णवाहिका यायला पाऊण तास होता. शिवगंगाताईंनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे मोठे डॉक्टर आणि त्यांचे आणखी तिघे सहकारी होते. चौघांचे चेहरे आत आणायचे, बाळाला बाहेर न्यायचं. माझ्या बारीक लाइनला ते पेलेना. पडद्यावर बाळ गोठलं.

"छाती दिसत नाही. बरगड्यांखाली आत ओढलं जातंय का?" डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. मी चित्राचे तुकडे पाठवत होतो, ते जुळत नव्हते. अशी चार मिनिटं गेली. इतका हताश मी कधीच झालो नव्हतो.

बाहेर बाकावर थांबलेल्या माणसांचे मोबाइलही माझ्यावरच चालू होते. शिवगंगाताई वळल्या. "वायफाय बंद करा सगळ्यांनी. पोरगं हातचं जाईल की."

सयाजीने आधी स्वतःचा मोबाइल बंद केला. "केला बघा ताई. श्वास हाय न्हवं?"

ताई पडद्याला म्हणाल्या, "सर, तुम्ही चौघांनी कॅमेरे बंद करा. नुसता आवाज ठेवा. माझं चित्रही मी बारीक करते."

चार चेहरे गेले. मोकळ्या झालेल्या वाटेने मी बाळाची छाती पाठवली. धूसर होती, पण हलताना दिसत होती.

"श्वास थांबत चाललाय. मास्क लावा, हवेची पिशवी दाबा. मी मोजतो," मोठे डॉक्टर म्हणाले.

चित्र पुन्हा तुटलं. आवाज तेवढा मी धरून ठेवला. एक, दोन, तीन... रुग्णवाहिका येईपर्यंत डॉक्टर मोजत होते, ताई दाबत होत्या.

बाळ वाचलं. पण श्वास कमी पडल्याने त्याच्या मेंदूवर, कानांवर काय परिणाम झाला, ते मोठं झाल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. लसीच्या दिवशी वर्षाराणी येते, बाळाच्या कानाशी टाळी वाजवते आणि बघत राहते. कधी ते वळतं, कधी नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची लाइन वेळेवर तपासून घ्या. आणि कॉलवर पलीकडे कुणी आजारी असेल, तर कुणी सांगण्याआधी आपला चेहरा बंद करा.