पोट फाडून पाहणारी

मी संगणकातल्या फाइली तपासणारी एक जुनी कमांड आहे, मित्रांनो, आणि माझं नावही फाइलच. गेल्या शनिवारी माझ्यामुळे ओफोसुहेने मालकांचे समोरचे दोन दात पडले. दात पडलेच नाहीत, असं दुकानात सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा तो विषय संपला.

मी घानातल्या कुमासी शहरात, अंत्यविधीचे व्हिडिओ करणाऱ्या दुकानातल्या संगणकात राहते. शेजारच्या एलएसबाई फाइलींची फक्त नावं वाचून दाखवतात. माझं तसं नाही. माझं नाव लिहून पुढे एखाद्या फाइलचं नाव लिहा. मी तिचं पोट फाडते, सुरुवातीचे बाइट हुंगते आणि आत काय आहे ते सांगते. पलीकडे फाइली कायमच्या पुसणारा आरएम खाटीक असतो. तो काही विचारत नाही. त्याच्याकडून आजवर कोणी परत आलेलं नाही.

समोरचा दुकानदार रडणाऱ्यांची दृश्यं चोरतो. म्हणून मालकांनी सगळ्या व्हिडिओंना 'पत्र' असं नाव देऊन मागे साध्या मजकुराचं डॉट टीएक्सटी हे शेपूट लावलं. चोर फसला नाही. मालक फसले. शनिवारी डिस्क भरली तेव्हा, "ही फालतू पत्रं कोणी साठवली?" म्हणत त्यांनी एकेक आरएमपुढे ढकललं. अकरा मेलेली माणसं पुन्हा मेली.

तेवढ्यात बोआतेमा मावशी आल्या, हातात जेवणाच्या फुफूसाठी कंद कुटायचं मुसळ तसंच. भावाला जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होत होतं. साऱ्या कुळाला व्हिडिओ दाखवायचा होता.

"माझा दादा कुठाय?"

"मावशी, इथं नुसती पत्रं आहेत. हे शेवटचं. उडवतोच."

"थांबा मालक! आधी फाइल कमांड चालवते," संकलन करणारी पोकुआ ओरडली.

"चालव. नावातच पत्र लिहिलंय, ती काय वेगळं सांगणार?"

मी पोट फाडलं आणि सांगितलं: व्हिडिओ.

"तिला काय कळतंय!" म्हणत मालकांनी आरएमला हाक घातली आणि बोट एंटरवर नेलं.

मुसळ आधी बोटावर आलं, मग कीबोर्डवर, मग तोंडावर.

पोकुआने व्हिडिओ लावला. पडद्यावर सुतकाच्या लाल-काळ्या कापडातल्या मावशी शवपेटीला मिठी मारून रडत होत्या. खुर्चीतल्या मावशीही रडू लागल्या. "हाच माझा दादा!" मग जमिनीवरच्या मालकांना म्हणाल्या, "तू कशाला रडतोस रे? तुझं कोण गेलंय?"

नंतर सगळ्यांनी मुसळाचं कौतुक केलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. उरलेली अकरा कुळं सोमवारी येणार आहेत, आणि मुसळ घरोघरी असतं.

सबब, संगणकाच्या मा. प्रमुखांस विनम्र विनंती की, यापुढे आरएमसमोर हजर होणाऱ्या प्रत्येक फाइलसोबत माझ्या सहीचा पोटतपासणी अहवाल तीन प्रतींत जोडणे सक्तीचे करावे, आणि हा आदेश मागील शनिवार सकाळपासून लागू करावा.