करपलेल्या खव्याचं खापर

“ह्या कढईनं जीव नकोसा केलाय. आज बी करपला खवा!” काल लंकाबाई माझ्या काठावर उलथनं आपटत पुटपुटल्या. मी ऐकून घेतलं. कढईने दुसरं करायचं तरी काय?

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मिरजगावच्या बाहेर, हायवेलगत लंकाबाईंची खव्याची भट्टी आहे, तिथे माझा मुक्काम. नगरच्या एका लोहाराने जाड पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. लंकाबाई तेव्हा तरण्या होत्या. मला अशा घासायच्या की आपलं कुंकू सरळ आहे का, ते त्यांना माझ्यात दिसायचं. माझ्यातून खवा दाणेदार उतरायचा. गावातला पेढेवाला म्हणायचा, “मावशी, ही कढई देव्हाऱ्यात ठिवा.” तेवढं कोणी केलं नाही, पण ऐकायला बरं वाटे.

पुढे लंकाबाईंच्या मुलाचं, कल्याणचं लग्न झालं, सून आरती घरात आली. आरतीचे वडील पुंजाराम, त्यांच्या गोठ्यात गाईच गाई. पाडव्याला ते भट्टीवर आले आणि बोली झाली: वर्षभर सकाळचं सगळं दूध लंकाबाईंनाच, दुसऱ्या कोणाला नाही. “लिहून घ्या की, आत्या,” आरती हळूच सासूला म्हणाली. सगळे हसले. पाहुण्याकडून कुठं कागद घेतात? त्या भरवशावर लंकाबाईंनी बाकीच्या गवळ्यांना नको म्हटलं, आणि लग्नसराईभर खवा द्यायचा शब्द पेढेवाल्याला दिला.

उन्हाळा आला. दुधाचा भाव चढला आणि पुंजारामांचं दूध निम्म्यावर आलं. “गाया आटल्या, विहीणबाई,” ते म्हणत. फाट्यावर डेअरीच्या टँकरमध्ये त्यांचे कॅन रिकामे होताना कल्याणने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने आईला सांगितलं. आई म्हणाली, “गप बस. पोरीचं माहेर हाय.”

तेव्हापासून पुंजाराम आले की बाजेवर चादर पडायची, आल्याचा चहा व्हायचा, गाईंच्या तब्येतीची चौकशी व्हायची. ते गेले की शिव्या मला.

आता तुम्हीच बघा. माझं पोट मोठं. तळाशी एवढंसं दूध आणि खाली जाळ पूर्वीइतकाच. माझ्या बाजू कोरड्याच तापतात, दूध चिकटतं, करपतं. मी थकले आहे, मित्रांनो. जाळाने नाही, जाळ माझा रोजचाच. दुसऱ्याचा राग पोटात घेऊन थकले. धंद्यात समोरच्याने शब्द मोडला, तर त्यालाच विचारावं, आणि पहिल्याच दिवशी विचारावं. आपल्या गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगावं, दुसरी सोय बघावी. भांडं बडवून दूध वाढत नाही.

काल संध्याकाळी पेढेवाला येऊन गेला. करपट खवा बोटावर घेऊन म्हणाला, “मावशी, पुन्यांदा असा आला तर मला दुसरीकडनं घ्यावा लागंल.” लंकाबाई रात्री जेवल्याच नाहीत. एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक, तेच गेलं तर भट्टी पेटवायची कोणासाठी?

आज सकाळी पुंजाराम पुन्हा निम्माच कॅन घेऊन आले. बाजेवर बसले. त्यांच्याकडे न बघता कल्याण म्हणाला, “ही कढई भंगारात घालावी म्हन्तो. नवी आनू.”

“बरं करताय, जावईबापू,” पुंजाराम चहा फुंकत म्हणाले. “लई जुनी झाली ती.”

कल्याणने मान खाली घातली. लंकाबाई उगीचच पदराने तोंड पुसत राहिल्या.

आरती भट्टीपाशी होती. तिने लाकडं बाहेर ओढली, उलथनं माझ्या काठाला हळू टेकवून ठेवलं आणि वडिलांपुढे येऊन उभी राहिली.

“आण्णा, कढईला बोल लावू नका. गाया आटल्या न्हाईत. दूध तुमी टँकरला घालताय. बोली तुमी मोडली. उद्यापासनं किती घालनार ते आत्ता सांगा. जमत नसंल तर आमी दुसरा गवळी बघतो. आन् चहा घ्या, निवतोय.”