हिरव्या पानामागचा आकडा

मी बोलतोय. बोलतोय कसला, जन्मल्यापासून दर दहा मिनिटांनी बोंबलतोय. पण ज्यांच्या घरात मला ठेवलं होतं, त्यांच्या कानावर माझा एक शब्द कुणी पडू दिला नाही. म्हणून आज तुम्हाला समोर बसवलंय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

मी एक सेन्सर आहे. पेन्सिलीएवढी काळी कांडी, टोकाला धातूचे दोन बारीक दात. मला पाण्यात बुडवलं की या दातातून त्या दातापर्यंत मी थोडी वीज सोडतो. पाण्यात क्षार जास्त असले तर ती भराभर जाते, कमी असले तर अडखळते. त्यावरून पाणी किती खारं आहे ते मी आकड्यात सांगतो. मला एवढं एकच काम येतं आणि त्यात मी कधी चुकलेलो नाही. ही फुशारकी नाही. पुढे माझ्यावर आळ आला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात हजारभर भावंडांबरोबर माझा जन्म झाला. मोजूनमापून खारवलेल्या पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली आणि मला एका पांढऱ्या पेटीत बसवलं. ही पेटी म्हणजे घरात मातीशिवाय भाजी पिकवायचं यंत्र. खाली पाण्याची टाकी, वर रोपांसाठी सहा भोकं, त्यांच्यावर जांभळट दिवा आणि बाजूला कंपनीच्या खताची बाटली. त्या बाटलीतलं खत पंप रोज टाकीत सोडतो. मला भाबड्याला वाटलं, पंप मला विचारून खत सोडत असेल. कसलं काय! तो घड्याळाचं ऐकतो, माझं नाही.

मग मी कशाला? तर माझे आकडे घरातल्या वाय-फायवरून थेट कंपनीकडे जातात. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कुणाकडे पाणी कसं असतं हे कंपनीला हवं असतं. पाणी तुमचं, वीज तुमची, वाय-फाय तुमचं आणि आकडे त्यांचे. तुम्हाला मोबाईलवर काय दिसतं? एक पान. हिरवं असलं की सगळं छान, लाल झालं की काहीतरी बिघडलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की आकडे बघून सामान्य ग्राहक गोंधळतो, म्हणून आम्ही त्याला फक्त पान दाखवतो. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला एकदा भामाबाईसमोर उभं करायला हवं होतं.

भामाबाई म्हणजे हितेशची आई. पनवेलला करंजाड्यात सातव्या मजल्यावर हे कुटुंब राहतं. हितेश कंटेनर यार्डात सुपरवायझर, त्याची बायको मनिषा शाळेत शिक्षिका. विमानतळासाठी खाडीकाठचं गाव उठलं तेव्हा ते इथे आले. हितेशनं मोठ्या हौसेनं मला आणलं आणि भामाबाईनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

"मातीबिगार झाड? त्ये काय झाड हाय?"

तरी तिला माझी पेटी मान्य करावी लागली, कारण तिची मिरची. शेंड्याला वाकडी, आखूड, पिकली की काळपट लाल. भामाबाईच्या सासूनं ती चिरनेरच्या माहेराहून आणली होती. सुकटीच्या कालवणात भामाबाईला हीच लागते, दुसरी घातली तर ती ताट सरकवते. गावाबरोबर परसं गेली आणि ही मिरची कुणाकडेच उरली नाही. फक्त भामाबाईच्या फडक्यात चिमूटभर बी होतं, तेही जुनं. मनिषानं ते ओल्या कापडात घातलं तेव्हा त्यातलं सहाच रुजलं. खिडकीत कुंडी ठेवावी तर समोर टॉवर उभा राहिलेला, ऊन पाऊण तास. गच्चीला सोसायटीचं कुलूप. म्हणून ती सहा रोपं माझ्या टाकीवर आली. ती जगून त्यांनी बी धरलं तर मिरची राहणार होती, नाहीतर कायमची संपणार होती.

रोपं लावली त्या दिवशी भामाबाईनं विचारलं, "ह्यात आकडा कुठं दिसतो?"

"आकडा नाय गं आये, पान दिसतं," हितेश म्हणाला. तो आईशी गावचं बोलतो आणि फोनवर शहराचं.

"पान मना झाडावर बी दिसतं. त्ये मोबाईलमदी कशाला बगू?"

तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. ते तिला मिठागरानं शिकवले. तरुणपणी ती तिथे कामाला जायची. शेठचा माणूस काचेची नळी घेऊन यायचा आणि खाऱ्या पाण्यात सोडायचा. पाणी जितकं खारं, तितकी नळी वर तरंगायची. नळीवरचा आकडा तो सगळ्या बायापुरुषांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि मग पाणी पुढच्या कप्प्यात सोडायचं की नाही ते ठरायचं. भामाबाई त्याच्या आधीच बोट बुडवून जिभेला लावायची आणि आकडा सांगून टाकायची. चुकली तर एखाद्यानंच. हे ती मनिषाला सांगत होती तेव्हा मी टाकीतून ऐकलं. म्हणजे ही बाई माझंच काम करत होती, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. त्या दिवशी मला त्या घरात पहिल्यांदा माझं माणूस भेटलं.

मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं. माझा आकडा तेराशेच्या आसपास राहायचा, मिरचीला तो मानवत होता. पांढरी फुलं आली. सहाव्या रोपाला एक इवलीशी मिरचीही धरली.

मग नळाचं पाणी तीन दिवस गेलं. हनुमान जयंतीच्या सकाळी सोसायटीत टँकर आला. पाणी कुठल्या बोअरचं होतं कुणास ठाऊक. हितेशनं त्यातल्या दोन बादल्या माझ्या टाकीत ओतल्या आणि माझा आकडा एका दमात सव्वीसशेवर गेला. मी ओरडलो. दहा मिनिटांनी पुन्हा ओरडलो. ते सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये नीट जमा झालं. मोबाईलवर पान हिरवंच राहिलं.

देवळातून आल्यावर भामाबाईनं टाकीचं झाकण उचललं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि बेसिनमध्ये थुंकली.

"हितेश, पानी खारं हाय. फेकून दे."

हितेशनं तिच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरला. "आये, ह्ये बग. हिरवं हाय ना? मशीनपेक्षा तुजी जीभ हुशार हाय का?"

ती त्या पानाकडे बघू लागली. मी मनात म्हणत होतो, बाई, ऐकू नकोस. पण मुलगा शिकलेला, यंत्र महागाचं.

"असंल बाबा," ती म्हणाली. "म्हातारपनी जीभ बी खोटी व्हते."

या एका वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्या घरात खरं बोलणारे आम्ही दोघंच होतो. एकाला बोलूच दिलं नव्हतं आणि आता दुसरीनं स्वतःलाच खोटं ठरवलं. शेठच्या माणसासमोर जी कधी दबली नाही, ती मोबाईलवरच्या एका चित्रापुढे गप्प बसली.

पंप मात्र इमानानं रोज खत सोडत होता. एकोणतीसशे. बत्तीसशे. पानांच्या कडा करपल्या, फुलं गळून टाकीच्या झाकणावर पडली. पहिलं रोप गेलं तेव्हा हितेशनं दिवा वर केला. दुसरं गेलं तेव्हा दिवा खाली केला. पाणी सोडून त्याला सगळं सुचत होतं.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना भामाबाईनं टाकीतलं दोन तांबे पाणी काढलं आणि पिण्याच्या फिल्टरचं ओतलं. माझा आकडा दीडशेनं उतरला. मला हायसं वाटलं. संध्याकाळी ओला तांब्या बघून हितेश तिच्यावर खेकसला. "आये, आपन मदीच पानी काढलं-बदललं तर वॉरंटी जाईल!" ती पुन्हा टाकीजवळ आली नाही.

तिसरं रोप मेलं आणि मग हितेशसाहेबांनी कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता, मी सगळं ऐकलं.

"सर, ॲपमध्ये पान कुठल्या रंगाचं आहे?"

"हिरवं. पण झाडं मरतायत."

"पान हिरवं असेल तर सिस्टीम ओके आहे, सर. बिया आमच्या किटमधल्याच वापरल्यात ना?"

"नाही, घरच्या आहेत. मॅडम, पाण्याचा आकडा तुमच्याकडे येतो ना? तेवढा सांगा."

"सर, तो इंटर्नल वापरासाठी असतो. कस्टमरला देता येत नाही."

"अहो, माझ्या घरातलं पाणी आहे ते!"

"समजतंय मला, सर. मी टेक्निशियनची व्हिजिट लावते."

ती व्हिजिट लागायला नऊ दिवस गेले. तेवढ्यात चौथं रोपही गेलं.

शनिवारी दुपारी स्वानंद नावाचा टेक्निशियन आला. त्यानं मला टाकीतून काढलं, पुसलं आणि तपासणीच्या बाटलीत बुडवलं. बाटलीवर जो आकडा छापला होता तोच मी सांगितला. स्वानंदनं तो पाहिला, मान हलवली आणि लॅपटॉपवर लिहिलं, 'सेन्सर खराब'. कारणांच्या यादीतून एक निवडल्याशिवाय तक्रार बंद होत नाही म्हणे, आणि त्या यादीत 'कंपनीनं सांगितलं नाही' असं कारण नव्हतं. आयुष्यात एकदाही खोटं न बोललेल्या माझ्यावर खोटेपणाचा शिक्का बसला. मला हात असते तर तो लॅपटॉप खाली फेकला असता.

तेवढ्यात भामाबाई चहा घेऊन आली आणि त्याच्या मागे थबकली. लॅपटॉपवर एक रेघ होती. बराच वेळ आडवी, मग एकदम वर गेलेली.

"ही रेग कसली, भाऊ?"

"मावशी, तुमच्या टाकीतलं पाणी आहे ते."

कप टेबलावर ठेवून ती वाकली. खालच्या तारखांवरून तिनं बोट फिरवलं आणि रेघ जिथे उडी मारत होती तिथे टेकवलं.

"ह्यो हनमान जयंतीचा दिस. टँकर आलेला." बोट वर सरकलं. "तेराशे. मंग सव्वीसशे. मंग बत्तीसशे." तिनं आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले, अगदी मिठागरावर वाचावेत तसे. "मंग पान हिरवं कसं?"

स्वानंदनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "मावशी, पानाचा पाण्याशी संबंध नाही. खताची बाटली संपली की ते लाल होतं, नवीन मागवायला. मी सांगितलं म्हणू नका." त्यानं लॅपटॉप मिटला.

हितेश भिंतीला टेकून उभा होता. मला त्याची जराही दया आली नाही.

"मिठागरावर नळी शेठची होती," भामाबाई म्हणाली. "शेठ काय देव नव्हता. पन आकडा सगल्यांसमोर वाचायचा. तुमी त्याच्याबी पुढं गेलाव." मग ती मुलाकडे वळली. "आनि तू, हितेश. मी तुला सांगितलं व्हतं. तू मना माज्याच जिभेवर खोटी पाडलीस."

स्वानंदनं नवा सेन्सर पिशवीतून काढला. तिनं तो परत पिशवीत ठेवायला लावला.

"मग जुना तरी द्या, मावशी. जमा करावा लागतो."

"नाय देनार. त्यो खरं बोललाय."

माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे एकच चांगलं वाक्य.

त्याच दुपारी तिनं टाकी रिकामी करून फिल्टरचं पाणी भरलं आणि पंपाची वायर उपसली. पाचवं रोप वाचलं नाही. सहावं कसंबसं तगलं. त्याची ती एकुलती मिरची मे महिना संपत आला तेव्हा पिकली, वाळली, आणि भामाबाईनं ती ताटलीत फोडली. आत नऊ बिया निघाल्या. सहा पापडासारख्या चपट्या, फोल. तीन भरलेल्या.

पेटी आता बाल्कनीत धूळ खाते. मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. वीज नाही, म्हणून आकड्यापुरता मुका आहे. पण मोबाईल चार्जिंगला लागलेला असतो आणि त्याच्यावरचं पान मला इथून दिसतं. रोपं मेली, टाकी कोरडी पडली, मी खिळ्यावर आलो, तरी ते आजही हिरवंगार आहे. बाटलीत अजून खत आहे ना!

तुमच्याही घरात असं एखादं पान असेल. पाण्याचं, हवेचं, नाहीतर तुमच्या स्वतःच्या नाडीचं. त्याच्यामागे माझ्यासारखा कुणीतरी घसा फोडून आकडा सांगत असतो. तो आकडा मागा. तुमच्या घरातला आहे, तुमचा आहे. देत नसतील तर भांडा. गोंधळून जाल म्हणून दाखवत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्या भामाबाईचा पत्ता द्या.

गच्चीच्या किल्लीसाठी हितेश परवा सेक्रेटरीशी कडाडून भांडला. मातीचं पोतं त्यानं स्वतः पाठीवरून वर नेलं. त्या तीन बिया रुजतील की नाही, मला माहीत नाही. मी फक्त खार मोजतो, आणि आता तेही नाही.

आज सकाळी पुन्हा टँकर आला. हितेशनं बादली भरली, पण उचलली नाही. ओट्यापाशी ठेवून आईला हाक मारली. भामाबाईनं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. हितेश मोबाईल खिशात घालून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"खारं हाय," ती म्हणाली.

त्यानं बादली मोरीत ओतली.