कुठला चिकू लावायचा

घरी येऊन ह्यांना तपासल्यावर डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "घशात दोष नाही, आजी. त्यांना गिळता येतं, ते गिळत नाहीत. उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी म्हटलं की माझ्या जिवाचं पाणी होतं. मागच्या आजारपणात ह्यांनी ती उपसून काढली, तेव्हा दवाखान्यात ह्यांचे दोन्ही हात पलंगाला बांधून ठेवले होते. हे नुसते माझ्याकडे बघत राहायचे. ते मला पुन्हा बघायचं नाही.

पण हे तोंड उघडतील तर शपथ. दूध झालं, सूनबाईने भाताची पेज केली. हे आपले दात आवळून पडलेले. बोलणं तर ताप आला तेव्हापासूनच बंद. मी समजावलं, रागावले, पाया पडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग मला अक्कल सुचली. हे जन्मभर रोपवाटिकेत चव बघणारे. नव्या झाडाचं फळ आधी ह्यांच्या तोंडात जायचं, हे बोटांनी गुण द्यायचे, आणि त्यावरून कुठली कलमं बांधायची ते ठरायचं. आमच्या परसात एका झाडापुरती जागा आहे. तिथे चिकू लावायचा यावर एकमत, कुठला लावायचा यावर जन्माचं भांडण. मला गोल हवा, ह्यांना लांबट. दोघंही हट्टी, म्हणून जागा अजून मोकळीच.

सूनबाईला पिटाळलं. ती रोपवाटिकेतून चार जातींचे पिकलेले चिकू घेऊन आली. मी साली, बिया काढल्या, चार बशा मांडल्या आणि म्हटलं, "अहो, आज मी झाड लावतेय. कुठलं लावू सांगा, नाहीतर माझा गोल लावून मोकळी होते."

ह्यांनी तोंड उघडलं.

सूनबाईने माझा दंड घट्ट धरला. मी पहिली फोड भरवली. ह्यांनी ती चघळली, जिभेवर घोळवली, डोळे मिटले. मग मान वळवून टॉवेलवर थुंकली आणि दोन बोटं वर केली.

कपाळ माझं. चव बघणारा गिळत नाही, हे मी कशी विसरले? गिळत बसलं तर दुपारपर्यंत जीभ मरते, असं हेच सांगायचे. म्हणजे ज्या युक्तीने तोंड उघडलं, तीच घास पोटात जाऊ देईना.

"एवढी तरी गिळा हो," म्हणत दुसरी फोड दिली. थुंकली. एक बोट. "जित्याची खोड," मी चिडून म्हटलं, आणि म्हणीतलं पुढचं ओठांवर आलेलं तसंच दाबलं. सूनबाई तोंड फिरवून उभी राहिली. तिसरा माझा गोल. त्याला तीन बोटं मिळाली, तीही उपकार केल्यासारखी.

"परीक्षा संपली, आता नुसतं खा," मी म्हटलं. लगेच दात आवळले गेले. मी घाबरले. "नाही नाही, तुमचा लांबट राहिलाय. तो बघा."

तो चघळता चघळता ह्यांचा चेहरा सैल झाला. पाची बोटं वर आली. गळ्याची घाटी हलली असं मला वाटलं, पण नाही, तोही टॉवेलवर गेला.

मला रडू फुटलं. "जिंकलात. तुमचाच लावते. आता तरी खा ना हो."

ह्यांनी हात बशीकडे नेला आणि लांबट चिकूची चांगली मोठी फोड उचलली. मी देवाचं नाव घेतलं. हात ह्यांच्या तोंडाकडे गेला नाही, माझ्याकडे आला. फोड माझ्या ओठांना टेकली.

रोपवाटिकेत सगळ्यात सरस ठरलेलं फळ हे कधी स्वतः खात नसत. रुमालात बांधून मला आणून देत.

"तुम्ही खा," मी म्हटलं. हात हलेना.

"आई, घ्या," सूनबाई हळूच म्हणाली. "हात दुखेल त्यांचा."

मी तोंड उघडलं. चिकू माझ्या गोलापेक्षा खरंच कितीतरी गोड होता. मी चावत होते आणि हे माझ्या घशाकडे बघत होते. मी गिळल्यावर ह्यांनी समाधानाने मान हलवली, हात खाली ठेवला आणि ओठ मिटून घेतले.