अनंताचा चौक

माधव सरांनी बिल्ला पुढे केला, तशी प्रेमलाने पदराची घडी छातीशी आवळून धरली. केशरी फितीखाली ‘वीरपत्नी’ अशी सोनेरी अक्षरं होती.

“एवढा लावून घ्या वहिनी. पाहुणे पोचतीलच.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. बजरंग मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने मान वळवली आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे पाहू लागला.

“लावते मागनं,” म्हणत तिने बिल्ला मुठीत धरला.

सर घुटमळले. “यात संकोच कसला? तुम्ही अनंतरावांच्या पत्नी होतात. पुढचं पुढे.”

निवृत्तीनंतर शनिवार पेठ सोडून सर धायरीत राहायला आले होते. गावातला मुलगा एकाहत्तरच्या लढाईत हवाई दलात असताना गेला आणि त्याच्या नावाची साधी पाटी नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. महापालिकेत खेटे घालून त्यांनी चौकाला अनंतचं नाव मिळवलं.

अनंत विमानं उडवत नसे. ती दुरुस्त करायचा. वैशाखात रजेवर आला, लग्न करून परत गेला, आणि मार्गशीर्षात पंजाबातल्या तळावर बॉम्ब पडले तेव्हा धावपट्टीजवळ संपला. अंत्यविधी तिकडेच झाला. वर्ष सरल्यावर सासऱ्यांनी देव्हाऱ्यापुढे, चार माणसांत, प्रेमलाचा धाकट्या दिराशी पाट लावून दिला. तिला कुणी विचारलं नाही. बजरंगलाही विचारलं नसणार, हे तिला फार उशिरा सुचलं. पुढे मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, रानात इमारती उभ्या राहिल्या. अनंतचं नाव मात्र त्या दोघांच्या बोलण्यात कधी आलं नाही.

पाटीवरचा पडदा सरला, टाळ्या झाल्या. हार घातलेल्या फोटोशेजारी सरांनी तिला उभं केलं आणि माईक तिच्यापुढे धरला.

“आपल्या पतींबद्दल दोन शब्द सांगा.”

प्रेमलाने समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत बजरंग गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

“ते माझे थोरले दीर,” ती म्हणाली. “लई चांगले व्हते म्हंत्यात. माझे मालक तिकडं बसल्यात.”

मांडवात चुळबुळ झाली. कुणीतरी हसलं. सरांनी घाईने आभार मानायला सुरुवात केली.

परतताना बजरंग पुढे चालत होता. घराकडे न वळता तो कालव्याच्या काठाने गेला आणि एका दगडावर टेकला. प्रेमला शेजारी बसली. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी आपण एवढं तरी केलं, असं तिला वाटत होतं.

“दीर म्हणालीस,” तो म्हणाला.

“मग? खोटं हाय का?”

“खोटं न्हाई.” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “पर आजच्या दिवस तरी त्याची व्हायचं व्हतंस. आता दुसरं हाय कोण त्याला?”

“मी तुमच्यापायी बोलले.”

“ठावं हाय.”

त्याने टोपीनेच तोंड पुसलं. आई गेली, वडील गेले, तेव्हाही तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

“तार आली तवा समदी रडली. मी उसाला पाणी देत व्हतो. म्हनलं, आई सावरू दे, मग बघू. तवर पाट लागला. मग कुठल्या तोंडानं रडायचं? लोक म्हनली असती, भावाचं घेऊन बसलाय, आन् वर रडतोय.”

प्रेमलाने पाण्याकडे पाहिलं.

“मला त्यांचं तोंडच आठवत न्हाई,” ती म्हणाली. “घर पाव्हण्यांनी भरलेलं. वर बघायची चोरी. फोटोत दिसतंय तेवढंच.”

“आवाज?”

“आवाज बी न्हाई.”

बजरंगने तिच्याकडे पाहिलं. त्याला हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचे खांदे आणखी खाली आले.

“म्हंजी मी एकटाच राहिलो,” तो म्हणाला.

“लग्नात नाव घ्या म्हनून समदी मागं लागली व्हती, तेवढं ध्यानात हाय. त्यांनी न्हाईच घेतलं. हसले, आन् उठून गेले.” ती थांबली. “मी पसंत नसंन, असंच धरून चालले.”

“कुणी सांगितलं?” बजरंग एकदम तिच्याकडे वळला. “अगं, अडखळायचा तो. पोरं चिडवायची, म्हनून चारचौघांत बोलायचाच न्हाई. तुझं नाव घ्यायचं म्हनून हळदीच्या दिवशी गोठ्यात जाऊन घोकत व्हता. मला दारात राखणीला उभा केला व्हता.”

“काय घोकत व्हते?”

“तुझं नाव.”

“कसं?”

आजवर बजरंगने तिला ‘अगं’खेरीज कशाने हाक मारली नव्हती.

“प्... प्...” भावासारखी मान किंचित झटकून तो म्हणाला, “प्रे...” आणि पुढे त्याचाच आवाज फुटेना.

प्रेमला मान खाली घालून बसली होती. पुढचं अक्षर येईपर्यंत ती थांबून राहिली.