मोजणारा स्वतःला मोजत नव्हता
सुल्माचा फोन आला तेव्हा मायतेना येर्बा चहाच्या तुंब्यात गरम पाणी ओतत होती. सुल्मा मोन्तेविदेओतल्या एका रुग्णवाहिका सेवेत फोनकक्षाची प्रमुख.

"अगं, पत्ता टाकला की संगणकाचा पडदा गोठतोय. गाडी नेमता नेमता जीव जातोय माझा. तुमचं नवीन काहीतरी टाकल्यापासून."

मायतेनाची कंपनी प्रोफायलर बनवायची. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसून, कुठल्या कामात किती वेळ जातो ते सांगणारं हत्यार. नव्या आवृत्तीतला मोठा बदल मायतेनानेच केला होता. 

"आपला अहवाल बघ की," शेजारच्या टेबलावरचा वॉशिंग्टन म्हणाला. "प्रोफायलरचा भार एक टक्कासुद्धा नाही. त्यांचा सर्व्हर म्हातारा झालाय, बाई."

तिला ते पटवून घ्यायचं होतं. तरी तिने एक नमुना प्रोग्रॅम आधी प्रोफायलरशिवाय आणि मग त्याच्यासकट चालवला, आणि वेळ बाहेरच्या घड्याळावर पाहिला. काही फरक नाही. तिला हायसं वाटलं.

मग तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, डांबर वितळत होतं. अशा दिवशी रुग्णवाहिकेसाठी फोन एकामागून एक नाही, एकदम येतात. तिने एकाच वेळी चालणारी कामं वाढवली. प्रोग्रॅम जड झाला. आणखी वाढवली, तो रांगायला लागला. अहवाल मात्र अजूनही सांगत होता, सगळं ठीक.

 तिने प्रोफायलरची जुनी आवृत्ती लावून पाहिली, ती चांगली चालली. मधली लावली, तीही चांगली. असे उरलेले बदल निम्मे निम्मे करत ती स्वतःच्याच बदलापाशी येऊन थांबली. पूर्वी प्रोग्रॅममधल्या कामांची एकदा शोधलेली नावं प्रोफायलर जपून ठेवायचा. आता तो प्रत्येक कामासाठी अख्खी यादी नव्याने चाळत होता, आणि तोवर बाकीच्या सगळ्या कामांना थांबवून ठेवत होता. स्वतःचं घड्याळ मात्र चाळून झाल्यावरच सुरू करायचा, म्हणून हा वेळ अहवालात येतच नव्हता.

"म्हणजे जितके जास्त लोक मरायला टेकलेले, तितके आपण हळू," वॉशिंग्टन म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

तिने सुल्माला फोन लावला. "प्रोफायलर काढून टाका, आत्ता."

"काढायचा तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल. गाड्या रस्त्यावर आहेत माझ्या. तू इथे ये. एकटीने मी हे करणार नाही."

मायतेना उन्हातून धावत फोनकक्षात गेली. सुल्माने कानाला फोन लावलेल्या बायकांना हाक दिली, "पोरींनो, आता पत्ते तोंडाने! गाड्यांचा रेडिओ उघडा ठेवा!" मायतेनाने कळ दाबली. पडदे काळे झाले.

तेवढ्यात फोन वाजला. ला तेखा भागातला एक माणूस रडत होता. बायको पडली होती, तिचे ओठ निळे पडले होते. फोनवरल्या बाईने पत्ता ओरडून सांगितला. रेडिओ खरखरला. कोणी बोलेना. मायतेनाला वाटलं, पडदे आता कधीच उजळणार नाहीत.

"जवळच आहे मी, निघालो," एका चालकाचा आवाज आला.

मग एकेक पडदा उजळला. पत्ते झरझर सरकू लागले. 

"सकाळी... कोणी गेलं का?" तिने विचारलं.

सुल्माने नोंदवही चाळली. "सेरो भागातल्या एका आजोबांकडे गाडी उशिरा पोचली. तुमच्यामुळे की रस्त्यामुळे, कोण सांगणार? थांब, विचारते." तिने इस्पितळात फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो, हो" करत राहिली. शेवटी म्हणाली, "जिवंत आहेत. बिनमिठाचं सूप दिलं म्हणून नर्सवर ओरडतायत."

मायतेना हसली आणि हसता हसता रडली. सुल्माने तिच्या पाठीवर हात ठेवला. पण ही आवृत्ती आणखी कितीतरी ठिकाणी गेली होती, त्यात एक विमानतळही होता. तिने तिथेच, त्या बायकांच्या गलक्यात, पहिला नंबर त्या विमानतळाचा लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कोणी उचलत नव्हतं.