मुकुंदाचं सुतक

रामाकोन्याच्या देवीची पूजा पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याकडे. त्या घराण्यातले थोरले दादाजी; त्यांच्या धाकट्या भावाला मूल नव्हतं, म्हणून त्यानं मुकुंदाला दत्तक घेतलं. तो भाऊ गेल्यावर दादाजींचा मुलगा श्रीकांत सौसरच्या कोर्टात गेला. दत्तकविधान झालंच नाही, मुकुंद आमच्या घराण्यातला नाही, त्याला पूजेचा हक्क नाही, असं त्याचं म्हणणं. दादाजींनी तशी शपथही घेतली. मुकुंदाला मांडीवर बसवून मंत्र शिकवले होते ते याच दादाजींनी. कोर्टाची पायरी चढली की माणसाच्या स्मरणशक्तीचं काय होतं, ते देवीच जाणे.

छप्पन साली ऐन घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दादाजी वारले. श्रीकांतला दहा दिवसांचं सुतक, देवळात पाऊल टाकता येईना. गावातली शहाणी मंडळी मुकुंदाच्या दारी आली.

"तू त्यायचा कोणीच नाही ना? मंग तुले कायचं सुतक?" पुंडलिकराव म्हणाले. "चाल, घट बसव."

देवीच्या पूजेशिवाय मुकुंदाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. दावा लागल्यापासून त्याला गाभाऱ्यात कुणी फिरकू दिलं नव्हतं. त्याची बायको विजया लगबगीनं सोवळं घेऊनही आली.

"माहे मोठे बाबा गेले," मुकुंद म्हणाला. "मले सुतक आहे." आणि ओसरीवरच बसून तो ढसाढसा रडला.

घट सौसरहून आणलेल्या भटजीनं बसवले. मुकुंदानं नवरात्रभर आरती घरातूनच ऐकली. दहाव्या दिवशी त्यानं नदीवर मुंडन करून घेतलं.

त्याचा वकील मात्र हरखून गेला. "गाभारा मोकळा असताना सुतक पाळलं! घराण्यातलाच माणूस असं करेल. याहून मोठा पुरावा कोणता?"

"पुराव्यासाठी नाही पाळलं जी. जीव तुटला म्हणून पाळलं."

"वा! कोर्टात अगदी असंच म्हणा."

मुकुंदानं शपथेवर तसंच म्हटलं. निकाल त्याच्या बाजूनं लागला. मधल्या काळात राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौसर मध्य प्रदेशातच राहिलं. श्रीकांतचं अपील नागपूरऐवजी जबलपूरला गेलं आणि तिथंही फेटाळलं गेलं.

श्रीकांत देवळाच्या चाव्या द्यायला आला. त्या त्यानं ओसरीवर ठेवल्या.

"बाबा गेले तवा तू रडला होता," तो म्हणाला. "मी तवा दावा मागं घ्यायचा इचार करून राहिलो होतो. वाटलं, हा आपलाच आहे. मंग कोर्टात तुह्या वकिलानं ते रडणं सांगतलं."

मुकुंद काही बोलू पाहत होता. पण जे बोलायचं, ते त्यानं कोर्टात वापरून टाकलं होतं.